नवा डिस्ट्रिब्युटर पूर्ण खाली बसत नाही? आधी ऑइल पंपाचा शाफ्ट तपासा

फोर्डच्या ३०२, म्हणजेच ५.० लिटर व्ही-८ इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने स्पार्क पोचवणारा भाग) बदलायला घेतला की एक अडचण कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येतेच. जुना डिस्ट्रिब्युटर वर ओढून काढला, नवा भोकात सोडला, गियरमध्ये गियर गेला, रोटर हवा तिथे आला, पण शेवटचा पाव इंच काही केल्या खाली जात नाही. डिस्ट्रिब्युटरची कड आणि ब्लॉक यांच्यात फट राहते. कधी याच्या अगदी उलट होतं. नवा डिस्ट्रिब्युटर नको इतका सहज बसतो, इंजिन पहिल्या फटक्यात चालू होतं, आवाजही छान येतो, आणि ऑइल प्रेशरचा काटा मात्र शून्यावर पडून राहतो.

दोन्हीचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. डिस्ट्रिब्युटरच्या खाली उभा असलेला ऑइल पंपाचा शाफ्ट जागचा हललेला असतो. पहिल्या प्रकारात निदान काहीतरी अडतं, त्यामुळे माणूस थांबतो. दुसऱ्या प्रकारात काहीच अडत नाही, आणि तोच इंजिनाचा जीव घेतो. म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: डिस्ट्रिब्युटर बदलल्यावर इंजिन चालू झालं म्हणजे काम जमलं, असं या इंजिनात अजिबात समजायचं नाही. काम जमलं की नाही हे फक्त ऑइल प्रेशर सांगतं.

हे इंजिन अमेरिकेत घरोघरच्या गॅरेजमध्ये उघडलं जातं. हे घराणं १९६२ मध्ये २२१ घनइंचांपासून सुरू झालं, १९६८ मध्ये ३०२ आलं, मस्टँगमध्ये ते १९९५ पर्यंत आणि एक्सप्लोररमध्ये २००१ पर्यंत टिकलं. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी ज्यांनी हौसेने जुनी मस्टँग, ब्रोंको किंवा एफ-१५० घेऊन ठेवली आहे, त्यांच्याकडे बऱ्याचदा हेच इंजिन असतं. डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या पुढच्या बाजूला, हात सहज पोचेल असा आहे. एक बोल्ट, एक क्लॅम्प, की सुटला. काम इतकं सोपं दिसतं म्हणूनच खाली काय आहे याचा विचार न करता तो ओढला जातो.

आत काय जोडलेलं असतं

कॅमशाफ्टच्या पुढच्या भागात तिरक्या दातांचा गियर असतो. तो डिस्ट्रिब्युटरचा गियर फिरवतो. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं खालचं टोक पोकळ असून आत षटकोनी खाच आहे. या खाचेत खालून एक षटकोनी दांडी येते, पेन्सिलीएवढी जाड. दांडीचं दुसरं टोक ऑइल पंपाच्या रोटरमधल्या तशाच षटकोनी खाचेत बसतं. पंप चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याच्या आत, ब्लॉकला खालून बोल्ट केलेला असतो.

या दांडीला कुठेही बेअरिंग नाही, बुश नाही. वरून डिस्ट्रिब्युटर आणि खालून पंप, या दोघांनी धरली म्हणून ती उभी. मध्ये क्रँककेसच्या (क्रँक फिरतो त्या कप्प्याच्या) छताला असलेल्या भोकातून ती ढिली जाते. डिस्ट्रिब्युटर काढला की वरचा आधार गेला. मग ती थोडी कलते, क्वचित वर उचलली जाते, आणि पुरेशी उचलली गेली तर पंपाच्या खाचेतून बाहेर येते. असं होऊ नये म्हणून कंपनीने दांडीवर दाबून बसवलेली दातेरी क्लिप दिलेली असते. दांडी वर जायला लागली की क्लिप छताला अडते आणि दांडी तिथेच थांबते.

आता क्रम लक्षात घ्या: क्रँक, टायमिंग चेन, कॅम, डिस्ट्रिब्युटर, आणि त्याच्या शेपटाला पंप. स्पार्कसाठी लागणारं सगळं पंपाच्या आधी येऊन गेलं. पंप फिरो न फिरो, प्लगला स्पार्क मिळतो, पेट्रोल मिळतं, इंजिन धावतं. बेअरिंगमध्ये आधीचं तेल असतं तोवर ते गोडही चालतं. टॅपेट वाजायला लागतात तेव्हा बेअरिंगची वाट लागायला सुरुवात झालेली असते.

एक्सप्लोररच्या १९९६ नंतरच्या ५.० मध्ये डिस्ट्रिब्युटर नाही म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. त्याच भोकात कॅमची स्थिती सांगणारा सिंक्रोनायझर बसतो आणि ऑइल पंप तोच फिरवतो. तो बदलतानाही पुढचं सगळं जसंच्या तसं लागू आहे.

दांडी वर का येते

सगळ्यात मोठं कारण म्हणजे क्लिप नसणं. इंजिन पूर्वी कधीतरी बांधलं गेलं, नवा पंप घातला, नवी दांडी घातली, आणि जुन्या दांडीवरची क्लिप जुन्या दांडीबरोबर कचऱ्यात गेली. किंवा नवी क्लिप बसवली, पण चुकीच्या उंचीवर. इंजिन वर्षानुवर्षं चालतं, कुणाला काही कळत नाही, आणि डिस्ट्रिब्युटर काढायच्या दिवशी ते उघड होतं.

दुसरं कारण चिकटपणा. षटकोनी खाचेत जुनं, घट्ट झालेलं तेल भरलेलं असतं. दांडी त्यात इतकी अचूक बसलेली असते की डिस्ट्रिब्युटर सरळ वर ओढला तर तेलाच्या ओढीने दांडीही त्याच्याबरोबर निघते. तिसरं, दांडीच्या कडा झिजून किंवा पिळवटून ती खाचेत अडकलेली असणं. याबद्दल खाली वेगळं लिहितो, कारण ती निराळ्या आजाराची खूण आहे.

त्यामुळे काढताना घाई नको. बोल्ट सुटला की डिस्ट्रिब्युटरची बॉडी आधी डावी-उजवीकडे फिरवून ओ-रिंग मोकळी करा. मग हळूहळू, किंचित हलवत वर घ्या. गियर तिरक्या दातांचा असल्याने वर येताना रोटर थोडा फिरतो, ते साहजिक आहे. दोनेक इंच वर आल्यावर थांबा आणि बॅटरीच्या उजेडात खालून काही लोंबतंय का बघा. लोंबत असेल तर तसाच सरळ रेषेत वर आणा, दांडी भोकाच्या वर दिसली की लांब तोंडाच्या पकडीने धरा आणि मगच डिस्ट्रिब्युटर बाजूला करा. बहुतेकांची दांडी इथेच हातची जाते: डिस्ट्रिब्युटर तिरका केला जातो, दांडी सुटते आणि आत पडते.

आत्ता तुमची दांडी कुठे आहे

दांडी जागेवर नाही अशी शंका आली त्या क्षणापासून इंजिन फिरवायचं नाही. स्टार्टरने नाही, आणि क्रँकच्या बोल्टवर पाना लावून हातानेही नाही. निसटलेली दांडी क्रँकच्या वजनांच्या वाटेत किंवा टायमिंग चेनजवळ आडवी पडलेली असू शकते. गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणाकडूनही चुकून चावी फिरणार नाही.

दांडी डिस्ट्रिब्युटरबरोबर बाहेर आली असेल तर तुमचं नशीब चांगलं. पुसून ठेवा आणि पुढच्या भागाकडे वळा.

दांडी आतच आहे, पण भोकात डोकावल्यावर तिचं टोक एका बाजूला टेकलेलं दिसतंय, असंही होतं. हे दोन प्रकारचं असू शकतं. पंपाच्या खाचेत नीट बसलेली दांडीही वरून थोडी कलतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लांब स्क्रूड्रायव्हरने टोक मधोमध ढकलून बघा. दांडी खालून धरलेली असेल तर टोक हलतं पण बूड स्थिर राहतं. सगळीच दांडी लडबडत असेल तर ती पंपाबाहेर आहे. मग लांबवता येणाऱ्या चुंबकाने टोक पकडा आणि पूर्ण बाहेर काढा. आतल्या आत ढोसून पंपात बसवण्याचा प्रयत्न करू नका, कारण या खटाटोपात ती आणखी खाली घसरते.

टोक दिसतच नसेल तर ती छताच्या भोकातून खाली गेली आहे. वाकणाऱ्या मानेचं चुंबक त्याच भोकातून घालून शांतपणे शोधा. दांडी पोलादी आहे, चुंबकाला लागते. अडचण एवढीच की चुंबक वाटेत ब्लॉकलाही चिकटतं. चुंबकाच्या दांड्यावर प्लास्टिकची किंवा रबरी नळी चढवून फक्त टोक उघडं ठेवलं तर हा त्रास बराच कमी होतो. दांडी सापडली की ती आडवी येते आणि भोकात अडते. ओढाताण न करता थोडं खाली सोडा, फिरवा, पुन्हा वर घ्या. टोक भोकात शिरलं की काम झालं.

एवढं करूनही मिळाली नाही तर चेंबर उतरवायचं. पडलेली दांडी तशीच राहू देऊन वरून नवी घालायची, तेलात पडून राहील, काय बिघडतं, असा सल्ला तुम्हाला मिळेल. तो मानू नका. चेंबरचा काही भाग उथळ असतो आणि वरून क्रँक फिरत असतो. ब्रेक दाबल्यावर किंवा उतारावर ती दांडी कुठे सरकेल याची खात्री कुणीही देऊ शकत नाही. चेंबर काढणं कष्टाचं आहे, हे खरं. ऐंशीच्या दशकातल्या मस्टँगमध्ये आडवा क्रॉसमेंबर मध्ये येतो, त्यामुळे मोटर माउंटचे बोल्ट सोडून इंजिन वर उचलावं लागतं. तरीही ते काम नव्या इंजिनापेक्षा स्वस्त पडतं.

बसवण्याआधी दांडी नीट बघा

दांडी हातात आलीच आहे तर ती पुसून काचेवर ठेवा आणि कडेकडेने नजर फिरवा. षटकोनाच्या सहा कडा वरपासून खालपर्यंत अगदी सरळ हव्यात. कडा दोरीला पीळ असावा तशा वळलेल्या दिसल्या तर ती दांडी पुन्हा घालायची नाही. ती पिळवटली याचा अर्थ पंप कधीतरी क्षणभर अडला होता. का अडला? या काळातल्या बऱ्याच अमेरिकन व्ही-८ इंजिनांत कॅमच्या टायमिंग गियरला नायलॉनचे दात असायचे. जुने झाले की ते ठिसूळ होऊन तुटत आणि चेंबरमध्ये पडत. व्हॉल्व्हच्या सीलचे तुकडेही असेच खाली येतात. पंपाच्या शोषनळीला जाळी असते, पण बारीक कण तिच्यातून पार होतो, रोटरमध्ये सापडतो, आणि सगळा जोर या बारीक दांडीवर येतो. पिळवटलेली दांडी मिळाली तर चेंबर उघडून बघणं टाळू नका. नवी दांडी घालून गाडी चालू केलीत तर तोच कण पुन्हा त्याच जागी जाईल.

दोन्ही टोकांच्या कडा गोल झाल्या असतील तरी बदला. ही दांडी महाग वस्तू नाही. जास्त मजबूत पोलादाची दांडी वेगळी मिळते, आणि ती घेणं शहाणपणाचं आहे.

घेताना माप मात्र बघून घ्या. याच घराण्यातल्या २८९ ची आणि ३०२ ची दांडी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. त्यांच्या मोठ्या भावाची, ३५१ विंडसरची, पाच सोळांश इंची, आणि त्या इंजिनाचा ब्लॉक उंच असल्याने लांबीलाही जास्त. बाहेरून ही दोन्ही इंजिनं सारखी दिसतात आणि दुकानात एकाच्या जागी दुसरीची दांडी हातात पडू शकते. जुनी बरोबर न्या, शेजारी उभी करून बघा.

वरून बसवणं

लागणारं सामान थोडं: पाव इंची सहा बाजूंचं सॉकेट, लांब एक्स्टेंशन, चिकटपट्टी, घट्ट ग्रीस, उजेडाची बॅटरी. मिलिमीटरचं सॉकेट चालवून घेऊ नका. ६ चं दांडीवर जात नाही आणि ७ चं सैल पडतं.

सॉकेट आणि एक्स्टेंशन जिथे जुळतात तिथे चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे ओढून घट्ट मारा. दांडी शोधता शोधता सॉकेटही आत पडलं, अशा हकीकती ऐकायला मिळतात, म्हणून हे आधी. मग सॉकेटच्या तोंडात ग्रीस भरा आणि दांडीचं वरचं टोक त्यात बसवा. ग्रीसने दांडी धरली जायला हवी, पण खाली बसल्यावर सुटायलाही हवी. ग्रीस पुरत नसेल तर कागदाचा बारीक तुकडा सॉकेटमध्ये दाबा. मात्र दांडी सॉकेटमध्ये ठासून बसवलीत तर ती पंपात गेल्यावर सॉकेटबरोबर पुन्हा वर येईल. काही जण व्हॅक्युमच्या रबरी नळीचा तुकडा दांडीच्या टोकावर चढवतात आणि बसली की पिळून नळी काढून घेतात. तेही चांगलं जमतं.

आता दांडी सरळ उभी धरून खाली सोडा. आधी ती छताच्या भोकातून जाते, मग काही अंतर मोकळं, मग खाली पंपाच्या तोंडावर टक्‌ करून टेकते. इथे दाब द्यायचा नाही. एक्स्टेंशन दोन बोटांत धरून हळूहळू फिरवा. षटकोन जुळला की दांडी आपल्या वजनाने थोडी खाली उतरते आणि बोटांना लगेच वेगळं काहीतरी लागतं: इतका वेळ मोकळी फिरणारी दांडी आता जड, तेलकट अशी फिरते. तो पंपाचा भार. ही जाणीव झाली नाही तर दांडी पंपात गेलेली नाही, किंवा पंप पूर्ण कोरडा आहे. कुठलं ते पुढच्या तपासणीत कळेल.

सॉकेट वर काढणं हा नाजूक भाग आहे. हळूहळू, किंचित फिरवत आणि तिरका जोर न देता काढा. दर इंचाला बॅटरीने बघा की दांडी मागोमाग येत नाही ना. येत असेल तर लांब स्क्रूड्रायव्हरने दांडी खाली दाबून धरा आणि सॉकेट सोडवा.

नीट बसली की नाही

डोळ्यांनी कळत नाही, मोजावं लागतं. एक ताठ तार घ्या. डिस्ट्रिब्युटरची कड ब्लॉकवर जिथे टेकते तिथपासून दांडीच्या टोकापर्यंतची खोली तारेवर खूण करून घ्या. मग डिस्ट्रिब्युटर आडवा ठेवून त्याच कडेपासून खालच्या षटकोनी खाचेच्या तोंडापर्यंत आणि खाचेच्या तळापर्यंत, अशी दोन मापं घ्या. दांडीचं टोक या दोन मापांच्या मध्ये यायला हवं. तोंडाच्या खाली राहिलं तर डिस्ट्रिब्युटर दांडीला पोचणारच नाही. तळाच्या वर गेलं तर दांडी पंपात पूर्ण उतरलेली नाही, किंवा ती चुकीच्या लांबीची आहे. तसा डिस्ट्रिब्युटर बोल्टने खाली ओढून बसवलात तर दांडी पंपाच्या रोटरवर रेटली जाते, आणि मग गियर, पंप, दांडी यांपैकी काहीतरी लवकरच दगा देतं.

दुसरी तपासणी ड्रिलने करायची. तेच सॉकेट आणि एक्स्टेंशन ड्रिलला लावा, दांडीवर बसवा, आणि ड्रिल उलट्या दिशेने चालवा. फोर्डच्या या इंजिनात डिस्ट्रिब्युटर वरून बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, म्हणून पंपही तसाच फिरवायचा. सुलट फिरवलात तर पंप तेल उचलणार नाही आणि दांडी बसलीच नाही असा गैरसमज होईल. वेग कमी ठेवा. काही क्षणांत ड्रिलचा आवाज बदलतो, तो दमल्यासारखा होतो, आणि मनगटाला झटका जाणवतो. पंपाने तेल धरलं. प्रेशर गेज लावलेलं असेल तर काटा वर येताना दिसेल.

गेजबद्दल आग्रहाने सांगतो. ऑइल प्रेशरच्या सेंडरच्या (डॅशबोर्डच्या काट्याला माहिती देणाऱ्या भागाच्या) जागी साधं यांत्रिक गेज नळीने लावा, काम होईपर्यंत राहू द्या. डॅशबोर्डवरच्या काट्यावर अवलंबून राहू नका. ऐंशीच्या दशकाच्या शेवटापासून फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत तो काटा खरं प्रेशर दाखवतच नाही. खाली फक्त एक स्विच असतो, थोडंसं प्रेशर आलं की काटा मध्यावर जाऊन उभा राहतो. आत ६० पीएसआय (दाबाचं एकक) आहे की १० हे त्यावरून कळत नाही.

डिस्ट्रिब्युटर सोडताना

ड्रिलने पंप फिरला म्हणजे क्रँक जागचा हललेला नाही, टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) होतं तिथेच आहे. पण दांडी पडल्यानंतर किंवा आधी कुणी क्रँक फिरवला असेल तर एक नंबर सिलेंडर पुन्हा वरच्या टोकाला आणावं लागेल. दांडी पंपात बसल्याची खात्री झाली आहे, तेव्हा आता क्रँक हाताने फिरवायला हरकत नाही. एक नंबर म्हणजे ड्रायव्हरच्या उजव्या हाताच्या रांगेतलं सगळ्यात पुढचं. प्लग काढून भोकावर बोट ठेवा, क्रँक पाना लावून फिरवा, हवेचा दाब बोट ढकलायला लागला की पुलीवरची खूण शून्याकडे आणा. नुसत्या खुणेवर जाऊ नका, कारण खूण दर फेरीला येते आणि कॉम्प्रेशन एक फेरी सोडून.

रोटर एक नंबरच्या वायरीच्या थोडा अलीकडे ठेवून डिस्ट्रिब्युटर सोडा, गियर जुळताना तो फिरून जागेवर येतो. ओ-रिंगला तेल लावलेलं असू द्या. नवी ओ-रिंग कोरडी असली तर तीही शेवटी अडते. फरक हाताला कळतो: ओ-रिंग रबरासारखी दबते आणि तळव्याने दाबलं की सरकते, दांडी अडली असेल तर धातूवर धातू टेकल्याचा ठाम अडथळा लागतो.

असा ठाम अडथळा लागला तर समजा की गियर जुळला आहे पण षटकोन जुळलेला नाही. इथे बोल्ट लावून आवळायचा मोह होतो. तो टाळा. क्लॅम्पने खाली ओढल्याने दांडीचं टोक चिरडतं, पंपाचं तोंड फुटू शकतं. त्याऐवजी डिस्ट्रिब्युटरवर तळवा हलका दाबून ठेवा आणि मदतनिसाला क्रँक हळूहळू, सुलट दिशेने फिरवायला सांगा. षटकोनाच्या बाजू सहा, म्हणजे डिस्ट्रिब्युटर जास्तीत जास्त ६० अंश फिरला की जुळणी सापडलीच पाहिजे. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकचे १२० अंश. एवढ्या फिरण्यात तो टुपकन खाली बसतो. गियर आधीच जुळलेला असल्याने टायमिंग बिघडत नाही, फक्त क्रँक पुढे दोन फेऱ्यांपर्यंत नेऊन खूण आणि रोटर पुन्हा ताडून बघा.

१२० अंशांतही बसला नाही तर जोर लावू नका, वर काढा आणि तारेचं माप पुन्हा घ्या. दांडी कललेली आहे, पंपात अर्धीच आहे, किंवा लांबी चुकली आहे.

पूर्ण बसल्यावर बोल्ट न लावता डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून, वरखाली हलवून बघा. कड ब्लॉकवर सगळीकडून सपाट टेकायला हवी. मगच क्लॅम्प लावा, आधी नरम, टायमिंग लावून झाल्यावर साधारण २० फूट-पाउंडांपर्यंत.

वायरी लावताना फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडरना स्पार्क मिळण्याचा क्रम, इंजिनाप्रमाणे बघा. साध्या ३०२ ची १-५-४-२-६-३-७-८, तर ५.० एचओ (हाय आउटपुट, जास्त ताकदीचं) आणि ३५१ विंडसरची १-३-७-२-६-५-४-८. कॅम बदललेली असेल तर कॅमप्रमाणे. कॉम्प्युटरवाल्या ५.० मध्ये टायमिंग लावताना डिस्ट्रिब्युटरजवळचा स्पाउट कनेक्टर (कॉम्प्युटरला टायमिंग बदलू देणारा जोड) काढायचा, पिस्टन वरच्या टोकाला यायच्या १० अंश आधी लावायचं, कनेक्टर परत घालायचा.

आणखी एक गोष्ट नवा डिस्ट्रिब्युटर विकत घेतानाच बघायची. ५.० एचओ मध्ये १९८५ पासून रोलर कॅम (जिच्यावर चाकवाले टॅपेट चालतात ती पोलादी कॅम) आहे. त्याला पोलादी गियरचा डिस्ट्रिब्युटर लागतो. साध्या ओतीव गियरचा बसवलात तर तो काही दिवसांत झिजून त्याचा चुरा तेलात मिसळतो, आणि तो चुरा पहिल्यांदा याच ऑइल पंपाकडे जातो.

पहिली सुरुवात

कॉइलची वायर काढा. स्टार्टर दहा-पंधरा सेकंद मारा, थांबू द्या, पुन्हा मारा. स्पार्क नसताना फक्त स्टार्टरवर गेजचा काटा वर यायला हवा. आला, की वायर जोडून इंजिन चालू करा. चालू झाल्यावर एकाने फक्त गेजकडे बघत बसायचं, टायमिंग लाइटचं नंतर. काही सेकंदांत प्रेशर आलं नाही तर ताबडतोब बंद. इंजिन गरम झाल्यावर मिनिटाला २,००० फेऱ्यांना ४० ते ६० पीएसआय हे या इंजिनाचं ठरलेलं माप आहे.

स्टार्टरवर काटा आला नाही, पण ड्रिलने आला होता, तर दांडी खालून नीट आहे आणि वरून डिस्ट्रिब्युटरने तिला धरलेलं नाही. ड्रिलनेही आला नव्हता आणि ड्रिल मोकळंच फिरत होतं, तर दांडी पंपात नाही. ड्रिल जड झालं होतं तरी काटा आला नाही, तर गेजची नळी आणि तेलाची पातळी बघा.

दर वेळी निसटत असेल तर

वरून बसवलेल्या दांडीला क्लिप नसते, कारण क्लिपसकट ती छताच्या भोकातून खाली जातच नाही. म्हणजे वरून केलेली दुरुस्ती इंजिन नीट चालवेल, पण पुढच्या वेळी डिस्ट्रिब्युटर काढताना दांडी पुन्हा सैलच असेल. गाडीवर ठळक अक्षरांत तशी चिठ्ठी लावून ठेवा, निदान पुढचा मेकॅनिक सावध राहील.

कायमचा उपाय चेंबर उघडल्यावरच होतो, आणि चेंबर दुसऱ्या कुठल्याही कामासाठी उघडलं तर तेव्हा तो करूनच घ्यावा. डिस्ट्रिब्युटर जागेवर बसलेला असताना दांडी खालून वर घालायची आणि डिस्ट्रिब्युटरच्या खाचेत पूर्ण टेकवायची. अशा स्थितीत क्लिप क्रँककेसच्या छताला लागली पाहिजे. लागत नसेल तर दांडी काढून क्लिप सरकवायची आणि पुन्हा बघायचं. क्लिप जागेवर आली की दांडी पंपात घालून पंप आणि दांडी एकत्र वर चढवायची, आणि बोल्ट लावण्याआधी पंप हाताने धरून दांडी किंचित वरखाली होते का ते बघायचं. पंपाच्या बोल्टने दांडी आवळली जाता कामा नये.

शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ मध्ये ही भीती फारशी नाही. तिथे दांडी पंपाला खालून बाहीने जोडलेली असते, वर येत नाही. तिच्या माथ्यावरची खाच लांब स्क्रूड्रायव्हरने फिरवून डिस्ट्रिब्युटरच्या जिभेशी जुळवली की काम होतं. आणि महाराष्ट्रात अजूनही जपून ठेवलेल्या विलीज घराण्याच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये मांडणी उलटी आहे. तिथे कॅमचा गियर ऑइल पंपाचा शाफ्ट फिरवतो आणि डिस्ट्रिब्युटरची जीभ त्या शाफ्टच्या खाचेत बसते. ती खाच मध्यापासून सरकलेली असते, म्हणून डिस्ट्रिब्युटर एकाच प्रकारे बसतो. त्या जीपचा डिस्ट्रिब्युटर खुशाल काढा, काही निसटत नाही. जपायचं ते बाजूचा ऑइल पंप काढताना, कारण तो परत घालताना एक दात चुकला तरी टायमिंग जातं.